रंगाच्या डब्याला तोटी: ओघळ, सांडलवंड आणि चिकटून बसलेली झाकणं टाळण्यासाठी

दसरा ते दिवाळी हा आमच्या चरईतल्या जुन्या इमारतीत ग्रिल रंगवण्याचा मोसम. चार महिने पाऊस खाल्लेल्या सळ्यांवर गंजाचे फोड येतात, त्यात ठाण्याला खाडीची दमट हवा, त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी हात मारावाच लागतो. हे काम मी स्वतः करते. भिंतींना रंगारी बोलावते, ग्रिल आणि दारांच्या चौकटी मात्र माझ्या.

गेल्या खेपेला माळ्यावरून जुना चॉकलेटी ऑइल पेंटचा डबा काढला. अर्धा भरलेला होता, म्हटलं नवा कशाला आणायचा. झाकण काही हलेना. स्क्रू ड्रायव्हर घालून जोर लावला, तसं ते एकदम उडालं आणि रंगाची एक चापट मोझॅकवर बसली. आत पाहते तर साबुदाण्याच्या पापडाएवढी जाड साय. आमच्याकडे कित्येक वर्षं येणारे रंगारी काका दुसऱ्या दिवशी भिंतीचं माप घ्यायला आले होते. त्यांनी डबा हातात घेऊन फिरवला आणि म्हणाले, "ताई, रंग चांगला होता. तुम्ही काठ घालवलात, म्हणून रंग गेला."

त्या वाक्यानंतर मी डब्याच्या काठाकडे नीट पाहिलं. मग डब्याच्या तोंडावर बसवायची, बाजारात मिळणारी तोटी आणली, ती बसली नाही म्हणून परत केली, दुसरी आणली, घरी दोन-तीन केल्या. त्यातून हाताशी आलेलं हे सगळं.

सगळी गडबड खाचेत

तेलरंगाचा पत्र्याचा डबा वरून पाहा. तोंडाभोवती गोल खाच असते, पन्हळीसारखी. झाकणाचा खाली वळलेला भाग त्या खाचेत दाबून बसतो आणि पत्र्याला पत्रा घासून हवा अडते. तिथे रबर किंवा आटे असलं काही नसतं. म्हणजे डब्याचं हवाबंद राहणं खाच स्वच्छ असण्यावरच अवलंबून.

आणि आपण नेमकं काय करतो? ब्रश बुडवतो आणि जादा रंग काढायला काठावर पुसतो. तो रंग थेट खाचेत. डबा वाकवून रंग ओततो, शेवटचा थर परत खाचेत. मग झाकण ठेवून वर हातोडी. खाचेतला रंग पिचकारीसारखा उडतो, उरलेला वाळून डिंकासारखा चिकटतो. पुढच्या वेळी झाकण उपसताना त्याची कड वाकते. वाकलेल्या कडेतून हवा जाते. ऑइल पेंट हवेतला ऑक्सिजन घेऊनच घट्ट होतो, त्यामुळे हवा गेली की भिंतीवर जे व्हायला हवं ते डब्यातच होतं. हीच ती साय.

ओघळाचं कारणही काठातच आहे. चहाची किटली हळू वाकवली की चहा कपात पडण्याऐवजी तोटीखालून पोटावर ओघळतो, हे आपण रोज पाहतो. मार्कुस राइनर या अभियंत्याने १९५६ मध्ये याला 'टीपॉट इफेक्ट' असं नावच देऊन टाकलं. धार मंद असली आणि काठ गोल, जाड असला की द्रव काठाला चिकटून वळण घेतो. धार जोरात असली किंवा काठ पातळ, धारदार असला की तो सुटून पडतो. रंगाच्या डब्याचा काठ गोल, जाड आणि वर खाचवाला. ओघळ येण्यासाठीच घडवलाय म्हणा ना.

तोटी हे सगळं एकाच गोष्टीने सोडवते. ती खाचेवर बसून खाच झाकते आणि रंगाला बाहेर पडायला पातळ, धारदार ओठ देते.

बाजारात काय मिळतं

दुकानात गेल्यावर "डब्याला लावायची काढता येणारी प्लास्टिकची तोटी" असं सरळ सांगा. छापील नाव सांगितलंत तर बहुतेक दुकानदार तुमच्याकडे बघत राहतील. ठाण्यात स्टेशनजवळच्या हार्डवेअरवाल्यांकडे मला हे सहज मिळालं नाही, ऑनलाइन मागवावं लागलं. प्रकार साधारण तीन.

पूर्ण कडं: डब्याच्या तोंडावर गोल बसतं, एका बाजूला चोच, समोरच्या बाजूला कधीकधी ब्रश पुसायला आडवी सरळ पट्टी. सगळ्यात कामाचा प्रकार हाच, कारण खाच चारही बाजूंनी झाकली जाते. आडव्या पट्टीवर पुसलेला रंग आतच पडतो.

अर्धी तोटी: फक्त ओतायच्या बाजूला अडकवायची चोच. स्वस्त, धुवायला सोपी, पण ब्रश पुसायला उरलेला अर्धा काठ उघडाच राहतो आणि सवयीने हात तिकडेच जातो. ओतून घेऊन दुसऱ्या भांड्यातूनच रंगवणार असाल तर ही पुरते.

तिसरा प्रकार म्हणजे कड्याला लोहचुंबक लावलेला. ब्रशची पत्र्याची पट्टी चुंबकाला चिकटते आणि ब्रश डब्यात न बुडता टांगून राहतो. छान दिसतं. माझ्या मते या चुंबकासाठी जास्त पैसे मोजू नयेत. ब्रश ठेवायला परात पुरते.

कशाची आहे हे मात्र बघाच. तोटीच्या खालच्या बाजूला त्रिकोणात आकडा असतो. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, २ म्हणजे जाड पॉलिथीन. दोन्हीला वाळलेला रंग नीट धरत नाही, सोलून निघतो, आणि टर्पेंटाइनने पुसलं तरी ती लगेच बिघडत नाहीत. ६ आकड्याचं कडक, ठिसूळ प्लास्टिक घेऊ नका, थिनर लागला की ते विरघळायला लागतं. मऊ सिलिकॉनची तोटी हाताला फार छान लागते, पण टर्पेंटाइनमध्ये सिलिकॉन फुगतं आणि मग काठावर बसत नाही. ती पाण्याच्या रंगांसाठी ठेवा.

माप घेतल्याशिवाय मागवू नका

माझी पहिली तोटी इथेच फसली. ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच तोट्या अमेरिकन गॅलनच्या डब्यासाठी केलेल्या असतात. तो गॅलन ३.७८ लिटरचा आणि डब्याचा व्यास सुमारे १६८ मिलिमीटर. आपल्याकडे डबे १ लिटर, ४ लिटर असे. "चार लिटर म्हणजे जवळपास तोच" असं म्हणून मी मागवली. एका बाजूने बसली की दुसऱ्या बाजूने उचकटायची. दोन मिलिमीटरचा फरकही इथे चालत नाही.

माप असं घ्या. डब्याच्या तोंडाच्या बाहेरच्या कडेभोवती सुतळी घट्ट गुंडाळा, जिथे टोकं भेटतात तिथे पेनाने खूण करा, सुतळी सरळ करून मोजा आणि ३.१४ ने भागा. समजा सुतळी ५३.४ सेंटिमीटर भरली, तर व्यास १७ सेंटिमीटर. मग आतल्या तोंडाचा व्यास पट्टीने मोजा, तो थोडा कमी भरेल. तिसरं माप खाचेच्या रुंदीचं. काही तोट्या बाहेरच्या कडेवर चढतात, काही खाचेत बसतात. कुठलं माप लागणार ते यावरून ठरतं, म्हणून तिन्ही लिहून ठेवा. रिकामा डबा सोबत घेऊन दुकानात जाणं हा याहून सोपा मार्ग, लाज वाटत नसेल तर.

सुतळीचं गणित करायचा कंटाळा आला असेल तर पुढचा भाग वाचा.

घरी केलेली तोटी

तेलाचा पाच लिटरचा रिकामा प्लास्टिकचा कॅन घ्या, पारदर्शक बाटली नको, दुधी रंगाचा जाडसर कॅन. साबणाच्या गरम पाण्याने दोनदा धुवा, तेलकटपणा राहिला तर टेप धरणार नाही. त्याच्या सपाट बाजूतून कात्रीने पट्टी कापा: उंची ९ सेंटिमीटर, लांबी डब्याच्या घेराच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त. १७ सेंटिमीटर व्यासाच्या डब्याला २० सेंटिमीटर लांबी बरोबर होते. १ लिटरच्या डब्याला त्या मानाने लहान.

पट्टीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना गोलाई द्या, नाहीतर घालताना टोकं पत्र्यात अडकतात. वरच्या कडेला बरोबर मध्यावर पेनाने खूण करा आणि खुणेच्या दोन्ही बाजूंना ३ सेंटिमीटरवरून पट्टी हलकी बाहेर दुमडा, म्हणजे मधोमध चोच तयार होईल. दुमड धरून ठेवायची असेल तर उकळत्या पाण्याच्या भांड्यात चमच्याने दाबून अर्धा मिनिट बुडवा आणि लगेच गार पाण्यात. चोचीचं टोक ताज्या ब्लेडने एका फटक्यात कापा. कात्रीने कापलेली कड दातेरी होते आणि दातेरी कडेला रंग लोंबकळतो. वर किटलीचं सांगितलं ते इथे लागू पडतं: ओठ जितका पातळ आणि स्वच्छ कापलेला, तितका ओघळ कमी.

आता बसवणं. खाचेत आणि डब्याच्या बाहेरच्या अंगावर मिळून दोन बोटं रुंद मास्किंग टेप आधी लावून घ्या, पट्टी येणार त्या भागापुरती. मग पट्टी वाकवून डब्याच्या आत घाला. खालचे ३ सेंटिमीटर आत, वरचे ६ बाहेर. प्लास्टिकला सरळ व्हायचं असतं, त्यामुळे ती तोंडाच्या आतल्या कडेला आपोआप घट्ट टेकते. दोन्ही टोकांना एकेक मोठी बाइंडर क्लिप लावा, कागदांच्या गठ्ठ्याला लावतो ती काळी. तिचा एक जबडा आत पट्टीवर, दुसरा बाहेर काठाखाली. शेवटी पट्टीच्या मागच्या बाजूपासून खाचेवरून डब्याच्या अंगापर्यंत आणखी एक टेप ओढा. डबा जास्त वाकवला की पट्टीच्या मागून थोडा रंग चढतो, तो या टेपमुळे अडतो.

पहिल्यांदा करताना माझा पाऊण तास गेला, कारण मी चोच उलट बाजूला दुमडली होती. दुसरीला वीस मिनिटं.

बसवण्याआधी

डबा एका जुन्या परातीत ठेवा. खाली नुसतं वर्तमानपत्र पुरत नाही. कागद रंग शोषतो खरा, पण फरशीपर्यंत पोचूही देतो. परात असली की काय सांडेल ते तिथेच.

झाकण उघडताना एकाच जागी जोर लावू नका. चपट्या दांड्याचा चमचा किंवा जुना स्क्रू ड्रायव्हर कडेखाली घालून थोडं उचला, दोन बोटं पुढे सरका, परत थोडं उचला, असं पूर्ण गोल फिरा. दुसऱ्या फेरीला झाकण स्वतःहून सुटतं. माझ्या मोझॅकवरचा डाग हा एकाच जागी जोर लावण्याचा परिणाम.

जुन्या डब्याच्या खाचेत वाळलेला रंग असेल तर तो आधी काढा, नाहीतर तोटी बसणार नाही. ऑइल पेंट असेल तर टर्पेंटाइनने भिजवलेली चिंधी खाचेत दहा मिनिटं ठेवून मग खरवडा. कोरडा घासू नका, विशेषतः डबा फार जुना असेल तर. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नसावं हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा डबा माळ्यावर सापडला तर त्याची धूळ नाकात जाऊ देण्यात काही शहाणपण नाही. मी तर तो वापरतच नाही.

मग रंग ढवळा, तोटी लावायच्या आधीच. चपटी लाकडी पट्टी तळाला नेऊन खालचा गाळ वर आणा. लोखंडाला रंगाआधी लावायच्या रेड ऑक्साइड प्रायमरमध्ये हा गाळ चिखलासारखा बसलेला असतो, त्याला पाच मिनिटं द्यावी लागतात. वर साय असेल तर ढवळण्याआधीच कडेने कापून एका तुकड्यात उचला. ढवळलीत की तिचे शंभर तुकडे होतात आणि मग जुन्या ओढणीतून रंग गाळत बसा. शिवाय तोटी ही शेवटी झारीच. सायीचा एक तुकडा चोचीत अडकला की झारीतला शुक्राचार्य होऊन बसतो, आणि आपण वैतागून डबा आणखी वाकवतो, तेव्हा तो एकदम सुटतो.

नवा, काठोकाठ भरलेला डबा असेल तर कुठल्याही तोटीने पहिली धार नीट येत नाही. डबा जरा हलला तरी रंग सगळ्या बाजूंनी काठावर चढतो. जुन्या ओगराळ्याने चार-पाच ओगराळी रंग दुसऱ्या भांड्यात काढून घ्या आणि मगच तोटी लावा. या एका सवयीने माझं निम्मं सांडणं थांबलं.

बसवणं आणि ओतणं

काठ कोरडा पुसा. कडं चोचीच्या समोरच्या बाजूने बसवायला सुरुवात करा आणि अंगठ्यांनी दोन्ही बाजूंनी दाबत चोचीपर्यंत या. शेवटी 'टक्' असा आवाज येतो किंवा निदान हाताला जाणवतं. मग बोट पूर्ण गोल फिरवून पाहा. कुठे फट लागली तर काढून परत बसवा, फटीवर टेप लावून भागवू नका.

चोच कुठल्या बाजूला ठेवायची? लेबलच्या विरुद्ध. रंगाचं नाव, शेड नंबर, बॅच, तारीख हे सगळं लेबलवर असतं आणि दोन वर्षांनी त्याच शेडचा अर्धा लिटर लागला की तेच शोधावं लागतं. कितीही काळजी घेतली तरी एखादा ओघळ येतोच. तो मागच्या बाजूला येऊ दे. मी तर डबा उघडायच्या आधीच मोबाइलवर लेबलचा फोटो काढून ठेवते.

ओतताना एक हात कडीला, दुसरा तळाखाली. ज्यात ओतायचं ते भांडं थोडं तिरकं करून चोचीच्या अगदी जवळ आणा. धार एकदम सुरू करा, घाबरत घाबरत थेंब थेंब सोडू नका. मंद धारच मागे वळते. भांडं तिसरा हिस्सा भरलं की बस. थांबवतानाही तसंच: डबा झटकन सरळ करा आणि सरळ करता करता मनगट किंचित फिरवा, तेलाच्या बाटलीचा शेवटचा थेंब तोडतो तसं. चोचीवर लटकलेला थेंब भांड्याच्या आतल्या कडेला टेकवून पुसा, बोटाने नको.

रंगवायचं मग त्या भांड्यातूनच. ब्रशचे केस तिसऱ्या हिश्श्यापर्यंत बुडवा, भांड्याच्या आतल्या अंगाला दोन्ही बाजूंनी हलकेच आपटा, आणि लावा. अगदी डब्यातूनच रंगवायचं असेल तर कड्याची सरळ पट्टी वापरा आणि एकाच बाजूने पुसा. दोन्ही बाजू पुसल्यात तर ब्रश कोरडा होतो आणि दर दोन हातांनंतर परत बुडवावा लागतो.

शिडीवर चढणार असाल तर डबा खालीच राहू दे. कडीचं छोटं भांडं 'एस'च्या आकाराच्या हुकाने शिडीला अडकवा. आमच्या इमारतीत खिडकीच्या ग्रिलला लागूनच सगळ्यांच्या दोऱ्या आहेत. वरून पडलेला एक थेंब खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या पांढऱ्या चादरीवर गेला होता, तेव्हापासून मी रंगकामाच्या आदल्या रात्री सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवते आणि ग्रिलच्या तळाला जुनी बेडशीट बांधते. तोटी डब्यापुरती, ब्रशावरून पडणाऱ्या थेंबाचं ती काही करू शकत नाही.

मध्येच चहा, मध्येच पाहुणे

तोटी म्हणजे झाकण नाही. दहा मिनिटं उठायचं असेल तर पाण्याच्या रंगावर ओलं फडकं टाका, ऑइल पेंटवर प्लास्टिकची पिशवी. अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागणार असेल तर तोटी काढून झाकणच लावा. रात्रभर तोटीसकट ठेवलेल्या डब्यात सकाळी काय दिसतं ते मी पाहिलंय.

काढणं, बंद करणं, ठेवणं

तोटी काढण्याआधी ब्रशने तिच्या आतला रंग डब्यात ओढून घ्या. मग चोचीच्या समोरची बाजू आधी सोडवा आणि कडं डब्याच्या तोंडावरच तिरकं धरून दोन मिनिटं निथळू द्या. झटकन बाजूला नेलंत तर आतला रंग बाहेरच्या बाजूला फिरतो आणि इतका वेळ वाचवलेली खाच तिथेच भरते.

खाच तरीही एकदा पुसा. कोरडी निघाली तर तोटी नीट बसली होती. ओली निघाली तर कुठल्या बाजूला ते पाहा, पुढच्या वेळी तिथली फट शोधायला सोपं जातं.

झाकण ठेवून वर फळीचा सपाट तुकडा ठेवा आणि फळीवर हातोडी मारा. हातोडी थेट झाकणावर मारली की झाकणाला खळगा पडतो आणि कड उचलली जाते. डबा निम्म्याहून कमी भरलेला असेल तर रंग लहान डब्यात काढा. रिकाम्या जागेत हवा असते आणि हवेतून साय. ऑइल पेंटवर मी प्लास्टिकच्या पिशवीचा गोल तुकडा कापून थेट रंगाला टेकवून ठेवते, त्यावर झाकण. काही जण डबा उलटा ठेवायला सांगतात, म्हणजे साय तळाला धरते. झाकण शंभर टक्के घट्ट असेल तरच. माळ्यावर उलटा ठेवलेला डबा गळायला लागला तर खाली काय आहे याचा विचार करा.

खाचेत खिळ्याने भोकं पाडायची युक्ती तुम्ही ऐकली असेल, म्हणजे साठलेला रंग आत गळून जातो. मी करून पाहिली. ऑइल पेंटने भोकं बुजतात, हातोडीने खाच वाकते आणि उघड्या पडलेल्या पत्र्याला आपल्या पावसाळ्यात गंज धरतो. तोटी असताना या उपद्व्यापाची गरज नाही.

कुठे तोटी नको

भिंतीचे इमल्शन, म्हणजे पाण्याचे रंग मोठ्या प्रमाणात घेतले की १० आणि २० लिटरच्या प्लास्टिकच्या बादल्यांत येतात. त्यांना ही खाच नसते आणि वीस लिटरची बादली उचलून ओतायची हौस पाठीला परवडत नाही. तिथे मगाने रंग काढून घेतलेला बरा. पावशेर-अर्ध्या लिटरच्या इवल्या डब्यांनाही तोटी शोधत बसू नका. डब्याला उभा मोठा रबर बँड लावा, तोंडावरून आडवा जाईल असा, आणि ब्रश त्यावर पुसा. रबर ऑइल पेंटने लवकर सैल पडतो, दोन-चार जवळ ठेवा.

तरीही सांडला तर

पाण्याचा रंग असेल तर ओल्या फडक्याने कडेकडून मध्याकडे पुसत या. मध्यातून बाहेर पुसलंत तर डाग वाढतो. ऑइल पेंटवर आधी पाणी अजिबात नको. घरात दिवाळीची उरलेली रांगोळी असेल, नसेल तर लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती, ती सांडलेल्या रंगावर जाड टाका. पाच मिनिटांनी पुठ्ठ्याने खरवडून उचला. उरलेला पातळ थर टर्पेंटाइनच्या चिंधीने पुसा आणि शेवटी साबणाचं पाणी. टर्पेंटाइन पेट घेतं, म्हणून खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवघरातलं निरांजन शांत. रंगाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेलयुक्त रंग वाळताना उष्णता सोडतो आणि ढिगाऱ्यात ती कोंडून चिंध्या पेटूही शकतात. एकेक पसरून वाळवा.

रंग किंवा टर्पेंटाइन बेसिनमध्ये ओतणं तर सोडूनच द्या. रंगाचे टाकून दिलेले डबे हा वेगळा द्यायचा घातक कचरा, म्हणजे ओल्यातही नको, सुक्यातही नको. तळाला उरलेला रंग भुसा घालून वाळवा, डबा वेगळ्या पिशवीत बांधा आणि घंटागाडीवाल्याला काय आहे ते सांगून हातात द्या.

तोटी धुणं

पाण्याच्या रंगाची तोटी धुण्यात वेळ घालवू नका. उन्हात वाळू द्या, मग नखाने एक कोपरा उचला, रंगाची पातळ फिल्म सापाच्या कातेसारखी निघून येते. मला हे काम चक्क आवडतं. ऑइल पेंटची मात्र ओली असतानाच पुसावी लागते: आधी कोरडी चिंधी, मग टर्पेंटाइनची, मग भांड्यांचा साबण. चोचीच्या आतल्या कोपऱ्यात जुना टूथब्रश फिरवा, शुक्राचार्य तिथेच बसलेला असतो. वापरलेलं टर्पेंटाइन बाटलीत भरून ठेवा. दोन-तीन दिवसांत रंग तळाला बसतो आणि वरचं नितळ पुढच्या वेळी धुण्यासाठी चालतं. बाटलीवर मोठ्या अक्षरात काय आहे ते लिहा आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

माझ्याकडे आता दोन तोट्या आहेत. एकीवर मार्करने 'तेल' लिहिलंय, दुसरीवर 'पाणी'. दोन्ही गॅलरीतल्या खिळ्याला टांगलेल्या असतात, चोच खाली करून.